झोळीची शस्त्रक्रिया : पाच वर्षांनंतरचा हिशेब

(नंदुरबार जिल्ह्यातील आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या दुखण्याविषयी बोलावयाचे आहे, ते स्त्रिया बहुधा सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. खोकताना, शिंकताना, डोक्यावर हंडा किंवा मोळी घेताना नकळत लघवी सुटणे, यास ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व मूत्रमार्गाचा आधार ढिला पडतो आणि पोटावर ताण आला की मूत्रमार्ग मिटून राहात नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लागोपाठची बाळंतपणे, डोंगर चढून आणावयाचे पाणी आणि जुनाट खोकला एकत्र आले, की हा आधार अधिकच खचतो. मग ती स्त्री बाजाराला व लग्नकार्याला जाणेही टाळू लागते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी गळत असेल, तर मूत्राशयाला भोक पडलेले असण्याचा संभव असतो. तो विकार निराळा असून अशा स्त्रीस विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

ताणाच्या गळतीवर पहिला उपाय व्यायामाचा आहे. अमेरिकन वैद्य अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला. तो निदान तीन महिने नेमाने करावा लागतो. त्याने पुरेसा गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा.

या शस्त्रक्रियेस ‘स्लिंग’ म्हणतात. स्लिंग म्हणजे झोळी. पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बांधतात. दुसऱ्या प्रकारात कृत्रिम जाळीची फीत वापरतात. हा प्रकार १९९० नंतरच्या दशकात स्वीडनचे उल्मस्टेन व ऑस्ट्रेलियाचे पेट्रोस यांनी रूढ केला.

आता मुख्य प्रश्न असा की, हा गुण टिकतो का? अमेरिकेत ६५५ स्त्रियांवर स्वतःच्या आवरणाची झोळी आणि ‘बर्च’ नावाची टाक्यांची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनी ताणाच्या गळतीपुरते यश झोळीच्या गटात ६६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४९ टक्के होते. पाच वर्षांनी कडक कसोटी लावली असता पूर्णपणे कोरड्या राहिलेल्या स्त्रिया झोळीच्या गटात सुमारे ३१ टक्केच निघाल्या. तरीही त्या गटातील ८३ टक्के स्त्रिया समाधानी होत्या. पूर्वी दिवसातून अनेकदा लुगडे भिजत असे, आता क्वचित थेंब सुटतो, हाही मोठा दिलासा असतो. मात्र ‘कायमची बरी होशील’ असे वचन कोणीही देऊ नये. झोळीनंतर काहींना लघवी करण्यास अडचण येते, मूत्रसंसर्ग होतो, हेही आधीच सांगावे.

जाळीच्या फितीचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. नॉर्डिक देशांतील ९० स्त्रियांच्या गटाचा १७ वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची गळती थांबलेली आढळली. परंतु काही स्त्रियांत जाळी उघडी पडते वा वेदना राहतात. अशा तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये जाळीच्या वापरावर निर्बंध आले. ज्या स्त्रीस रुग्णालय दूर आहे, तिच्या बाबतीत हा धोका विशेष तोलून पाहिला पाहिजे.

वरील दोन्ही अभ्यासांत सुरुवातीच्या साऱ्या स्त्रिया अखेरच्या तपासणीस आल्या नव्हत्या. आपल्याकडे तर ही अडचण अधिकच बिकट आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलावयाचे नाही, हे पथ्य फडावर कसे पाळले जाणार? म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवितानाच घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि हंडा कोण आणणार, हे आधी ठरवावे. या भागात सिकलसेल व रक्तक्षयाचे प्रमाण लक्षात घेता रक्ततपासणीही आधीच उरकावी.

होळीला सातपुड्यातील माणूस शक्यतो घरी परततो. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीस दर होळीच्या सुमारास भेटून चार प्रश्न विचारा : खोकताना गळते का? लघवी साफ होते का? दुखते का? आणि तू समाधानी आहेस का? ही उत्तरे नोंदवहीत वर्षानुवर्षे उतरली, तर या शस्त्रक्रियेचा खरा गुण आपल्याच जिल्ह्यातील स्त्रियांच्या शब्दांत आपणांस कळेल, आणि पुढच्या स्त्रीस प्रामाणिकपणे सल्ला देता येईल.