विमानप्रवासांतील औषधांची पिशवी

मुलेंबाळें अमेरिकेंत स्थायिक झालीं म्हणजे साठी उलटलेल्या आईबापांस वर्षाआड तरी समुद्रापलीकडे जावें लागतें. तयारी महिनाभर चालते. भाजणी, मेतकूट, लोणचीं यांची मोजदाद होते. औषधें मात्र आदल्या रात्रीं, जेथें जागा उरेल तेथें, बहुधा मोठ्या पेटीच्या तळाशीं जातात. श्रोतेहो, मला आज याच व्यवस्थेविषयीं बोलावयाचें आहे.

मोठी पेटी विमानाच्या पोटांत जाते. ती कधीं भलत्याच गांवीं पोंचते, हें सर्वांस ठाऊक आहे; पण वेळेवर हातीं आली तरी आंतील इन्शुलिन धड असेलच असें नाहीं. बँटिंग व बेस्ट यांनीं टोरांटो येथें १९२१ सालीं वेगळें काढलेलें हें द्रव्य असंख्य मधुमेह्यांस जीवदान देतें, परंतु तें मोठें नाजूक. एकदां गोठलें कीं पुन्हां वितळल्यावरहि त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. आणि कोठारांत थंडी किती असेल हें प्रवाशाच्या हातचें नसतें. यास्तव इन्शुलिन आणि हृदयविकार, रक्तदाब, दमा यांवरील नित्याचीं औषधें यांची जागा हातांतील पिशवींत. थंडाव्यासाठीं बर्फाचें पाकीट ठेवल्यास इन्शुलिन कापडांत गुंडाळावें. नाहीं तर जें भय कोठारांत तेंच हातांत.

येथें नियम आडवा येतो, असें पुष्कळांस वाटतें. २००६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, ब्रिटनहून अटलांटिकपार जाणारीं विमानें द्रवरूप स्फोटकांनीं उडविण्याचा कट उघडकीस आला. तेव्हांपासून हातांतील सामानांत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नसावी, असा निर्बंध बहुतेक देशांत रूढ झाला. नव्या तपासणी-यंत्रांमुळें कांहीं विमानतळांवर तो अलीकडे सैल होऊं लागला आहे. परंतु प्रवासांत लागणारीं औषधें त्यांतून सामान्यतः वगळलेलीं असतात. तीं निराळीं काढून, अधिकाऱ्यानें विचारण्यापूर्वींच दाखवावीं, म्हणजे झालें. आपल्या वडीलधाऱ्यांस, आजार चारचौघांत कशाला सांगावा, असा संकोच वाटतो. तो तेवढा वेळ बाजूस ठेवावा.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिचा उगम आपल्या कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानांत आहे. दुकानदार गोळ्यांची पट्टी कात्रीनें कापून चार-सहा गोळ्या देतो. औषधाचें नांव आणि मुदतीची तारीख नेमकीं त्याच्याजवळच्या तुकड्यावर राहतात. घरीं त्या गोळ्या सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबींत पडतात. परदेशच्या कस्टम्स अधिकाऱ्यापुढें अशी निनांवी गोळी म्हणजे कोडेंच! शिवाय आपल्याकडील व्यापारी नांवें त्यास अपरिचित. म्हणून अखंड पट्ट्या, दुकानाची पावती, आणि औषधाचें मूळ नांव टंकलिखित असलेलें डॉक्टरांच्या सहीचें पत्र जवळ असावें. टंकलिखित अशासाठीं कीं, आपल्या डॉक्टरांचें हस्ताक्षर वाचण्याची विद्या आपल्या औषधविक्रेत्यांखेरीज कोणास अवगत नाहीं.

शिवाय येथें घरोघर चालणारें औषध तेथें निषिद्ध असूं शकतें. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलीं औषधें घेऊन संयुक्त अरब अमीरातींत जावयाचें तर तेथील सरकारची पूर्वपरवानगी लागते. सर्दीच्या औषधांत सूडोएफेड्रिनचें प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असल्यास जपान तें आंत येऊं देत नाहीं. शंका असेल तर त्या देशाच्या वकिलातीस आधींच विचारावें; विमानतळावर विचारण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

हातांतील पिशवीहि कधीं कधीं हातांत राहत नाहीं. विमान भरून गेलें कीं अगदीं दाराशीं ती मागून घेऊन खालीं धाडतात. याकरितां औषधांची लहान पिशवी मोठीच्या आंत, पण निराळी असावी. क्षणांत काढून आसनाजवळ ठेवतां आली पाहिजे. रक्तांतील साखर तपासण्याचें यंत्र, सुया, आणि साखर एकाएकीं उतरल्यास तोंडांत टाकावयास ग्लुकोज, हेंहि त्याच पिशवींत हवें. मुंबई व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यांत साडेनऊ आणि हिवाळ्यांत साडेदहा तासांचें अंतर असतें. इन्शुलिनची कोणती मात्रा कोणत्या घड्याळाप्रमाणें घ्यावयाची, हें निघण्यापूर्वीं डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो कागद त्याच पिशवींत ठेवावा.