झोपण्याआधी सांगायची गोष्ट



'बिनशर्त' हा शब्द आपल्याला बहुधा राजकारणाच्या बातमीत भेटतो. अमक्या पक्षाचा तमक्या पक्षाला बिनशर्त पाठिंबा. तो पाठिंबा किती बिनशर्त असतो, हे आपण सगळेच जाणतो. त्यामुळे 'बापाचं बिनशर्त प्रेम' असं कुणी म्हटलं, की कानाला जरा खटकतं. आईच्या बाबतीत हा शब्द वापरायची वेळच येत नाही, तिथे ते गृहीतच असतं. बापाच्या प्रेमाला मात्र आपण मनातल्या मनात एक 'तर' जोडलेला असतो. अभ्यास केलास तर, नाव काढलंस तर, ऐकलंस तर.

आपल्या साहित्यातही आईचं पारडं जड आहे, आणि ते योग्यच आहे. साने गुरुजींचं 'श्यामची आई' १९३५ साली आलं आणि त्यानंतरच्या कितीतरी पिढ्या त्यावर रडल्या, वाढल्या. कवी यशवंतांची 'आई' कविता तर आमच्या पिढीला तोंडपाठ होती. बाप जात्यावरच्या ओवीत भेटतो, पण तो सासरी गेलेल्या लेकीच्या आठवणीतला. आईइतका पानोपानी तो आपल्या पुस्तकांतून भेटत नाही.

म्हणून आज मी तुम्हाला लहान मुलांच्या काही चित्रपुस्तकांविषयी सांगणार आहे. मी कविता लिहितो, चित्रपुस्तकांचा अभ्यासक नाही. पण आमच्या वाचनालयाच्या बालविभागात रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगतो, त्या निमित्ताने ही पुस्तकं हातात आली.

पहिलं पुस्तक सशांचं. 'गेस हाऊ मच आय लव्ह यू'. उत्तर आयर्लंडचे सॅम मॅकब्रॅटनी यांनी ते लिहिलं, अनिता जेरम यांनी चित्रं काढली आणि १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. मॅकब्रॅटनी पेशाने शिक्षक होते. २०२० साली ते वारले, तोवर या पुस्तकाच्या जगभरात पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या आणि पन्नासहून अधिक भाषांत ते गेलं होतं. मजकूर जेमतेम चारशे शब्दांचा! गोष्ट एवढीच, की पिल्लाला झोपायचंय आणि झोपण्याआधी आपलं प्रेम केवढं आहे ते बापाला सांगायचंय. ते दोन्ही हात पसरून दाखवतं. बापही हात पसरतो, त्याचे हात अर्थातच लांब. पिल्लू उड्या मारतं, बापाची उडी आणखी उंच. शेवटी पिल्लू आकाशाकडे बघतं आणि थेट चंद्रापर्यंतचं अंतर सांगून टाकतं. त्यापलीकडे मोजायला काही उरलेलंच नसतं. आणि त्याला झोप लागते.

काही जण म्हणतात, हा कसला बाप, पोराशी पैज लावतो आणि दर वेळी जिंकतो! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण शेवट नीट पाहा. पिल्लू झोपल्यावर बाप त्याला पानांच्या अंथरुणावर ठेवतो, त्याच्याजवळ आडवा होतो आणि मग हलकेच ते अंतर दुप्पट करतो. चंद्रापर्यंत जाऊन परत येण्याइतकं. हे ऐकायला पिल्लू जागं नाही. म्हणजे बापाला जिंकायचं नव्हतं. जिंकायचं असतं, तर त्याने ते पिल्लू जागं असतानाच सांगितलं असतं.

हे वाचताना मला आमची घरं आठवली. तुमचंही आठवेल. आपल्याकडचे बाप लेकरांवर प्रेम करतात ते लेकरं झोपल्यावर. रात्री उशिरा घरी यायचं, अंगावरची सरकलेली चादर नीट करायची, केसांवरून हात फिरवायचा आणि सकाळी पुन्हा कडक चेहरा लावून कामाला निघायचं. आमचे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एका मशीनचं दुकान. मला आठवतं त्याप्रमाणे ते आम्हा भावंडांना जवळ घ्यायचे ते वर्षातून एकदाच, ईदचे कपडे शिवताना. "हात सीधा रख," एवढंच बोलायचे. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरायचे आणि वहीत आकडा लिहायचे. गिऱ्हाइकांचे कपडे आधी, आमचे अगदी शेवटी, चाँदरातीला. ते कपडे नेहमी वाढत्या अंगाचे असायचे. बाहीच्या आत, विजारीच्या आत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं. आम्ही वाढलो की टाका उसवायचा आणि दुमड सोडायची. सशाच्या बापाने हात पसरून जे मोजलं, ते आमच्या अब्बांनी टेपने मोजलं आणि शिलाईच्या आत ठेवून दिलं. तोंडाने ते कधी सांगितलं नाही.

दुसरं पुस्तक अँथनी ब्राऊन या इंग्रज चित्रकाराचं. 'माय डॅड', साल २०००. त्याच वर्षी त्यांना बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. ब्राऊन सतरा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. पुढे कितीतरी वर्षांनी आईच्या एका जुन्या सुटकेसमध्ये त्यांना वडिलांचा घरात घालायचा चौकटीचा गाऊन सापडला, आणि त्यातून हे पुस्तक जन्मलं. पुस्तकातला बाप माशासारखा पोहतो, गोरिलासारखा ताकदवान होतो, घोड्यासारखा खातो. पण रूप कुठलंही असो, अंगावर तोच चौकटीचा गाऊन. मुलं हसतात. मला मात्र ते कापड दिसत राहतं.

कुरआनात हजरत याकूब आणि हजरत यूसुफ यांची कथा आहे. बायबलमध्येही ती आहे, तिथे नावं जेकब आणि जोसेफ. भावांनी यूसुफला विहिरीत टाकलं आणि त्याचा रक्त लावलेला सदरा बापापुढे ठेवला. मुलासाठी शोक करून करून याकूबची दृष्टी गेली. कुरआनातल्या कथेत पुढे यूसुफ आपला सदरा पाठवतो, तो चेहऱ्यावर ठेवताच बापाला पुन्हा दिसू लागतं. लेकाच्या कपड्याने बापाला दृष्टी आली. ब्राऊन यांच्या बाबतीत बापाच्या कपड्याने लेकाला आली, एवढाच फरक. आणि त्या कथेतली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ज्या मुलांनी हे सगळं केलं, ती शेवटी बापाकडे येऊन म्हणतात, आमच्यासाठी क्षमा मागा. बाप म्हणतो, मागेन. बिनशर्त या शब्दाचा अर्थ मला तिथे कळतो. गुणी मुलावर प्रेम करायला फारसं काही लागत नाही.

तिसरं पुस्तक एरिक कार्ल यांचं, १९८६ सालचं. त्यात एक लहान मुलगी बापाकडे चंद्र मागते. चंद्र मागणारं मूल आपल्याला नवं नाही. आपल्याकडे रामाने चंद्र मागितला, तेव्हा त्याच्या हातात आरसा दिला गेला. ती समजूत सुंदरच आहे. कार्ल यांचा बाप आरसा देत नाही. तो खूप लांब शिडी आणतो, उंच डोंगरावर नेऊन ती उभी करतो आणि चढत चंद्रापर्यंत पोचतो. चंद्र फार मोठा असतो, म्हणून तो लहान होईपर्यंत बाप थांबतो, मग घेऊन येतो. शिडीचं चित्र एका पानात मावत नाही. घडी उलगडावी लागते. घडी उलगडली की मुलं दर वेळी "ओ हो" करतात.

हे काढणाऱ्या कार्ल यांना स्वतःला बाप किती लाभला? त्यांचा जन्म १९२९चा, अमेरिकेतला. लहानपणी वडील त्यांना रानात फिरायला न्यायचे, दगड उचलून खालचे किडे दाखवायचे आणि ते जीव पुन्हा जपून जागच्या जागी ठेवायचे. १९३५ साली कुटुंब जर्मनीला परत गेलं. महायुद्ध सुरू झालं, वडिलांना सैन्यात घेतलं गेलं, पुढे ते रशियनांच्या कैदेत पडले. १९४७ साली घरी आले तेव्हा त्यांचं वजन अडतीस-एकोणचाळीस किलो उरलं होतं. मुलगा तोवर अठरा वर्षांचा झालेला. कार्ल २०२१ साली वारले, पण त्यांची कितीतरी पुस्तकं सुरवंट, कोळी, रातकिडे, काजवे यांनी भरलेली आहेत. हरवलेल्या बापाने दाखवलेले किडे मुलाने आयुष्यभर जगाला दाखवले.

मराठीतही आता चांगली चित्रपुस्तकं होतात. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मुलांना घरातल्या माणसांची ओळख करून देतं. पण बापाच्या मांडीवर बसून वाचायची पुस्तकं आपल्याला आणखी हवी आहेत.

का हवीत, ते सांगतो. सशांच्या पुस्तकात प्रत्येक पानावर मी मराठी मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एका रविवारी गोष्ट संपल्यावर पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, त्या पिल्लाचा निकाल अजून लागला नव्हता का?" बाकीची मुलं हसली. तो हसला नाही. त्याच्या दप्तरात बाबांची सही व्हायची बाकी असलेलं प्रगतिपुस्तक होतं.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत घरी न परतलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. त्या मुलांचे बाप त्यांच्यावर प्रेम करत नव्हते का? करत होते, नक्की करत होते. पण चादर सारखी करणारा हात झोपलेल्या मुलाला कळत नाही. शिलाईच्या आत दुमडलेलं कापड उसवल्याशिवाय दिसत नाही.

त्या मुलाने ते पुस्तक घरी नेलं. पुढच्या रविवारी आणून दिलं. काय झालं, ते मी विचारलं नाही. पुस्तकाच्या मागच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. मुलं पुस्तकावर कप ठेवत नाहीत, तो उद्योग मोठ्या माणसांचा.

चित्रपुस्तकाची गंमत अशी, की ते मोठ्याने वाचावं लागतं. मूल चित्रं बघतं, शब्द मोठ्या माणसाच्या तोंडून येतात. ज्या बापाला 'तू मला आवडतोस' म्हणायला अवघड वाटतं, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. तो म्हणू शकतो, "अरे, मी कुठे म्हणतोय, पुस्तकात लिहिलंय." म्हणू द्या. पोराला बरोबर कळतं. तेव्हा बाबांनो, आज रात्री पाच मिनिटं काढा. पुस्तक नसेल तर तसंच सांगा. फक्त एक करा, मूल झोपायच्या आधी सांगा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)