निरोपाची सनद

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मोबाईल आणि वाचन’. या विषयावरचं भाषण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मोबाईल वाईट, पुस्तक चांगलं, आजची पिढी वाया गेली, टाळ्या, चहा. ते मी करणार नाही, कारण माझं घर मोबाईलवर चालतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या टीमचं काम म्हणजे लोकांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवणं. ती कधी वाजावी, कोणत्या शब्दांत यावी, हे ज्या खोलीत ठरतं तिथे मी बसते. म्हणून थोडं आतलं सांगते.

आमच्यासमोर एक डॅशबोर्ड असतो. आज किती लोक आले, किती मिनिटं थांबले, काल आलेल्यांपैकी किती परत आले. ‘काम झालं आणि माणसाने समाधानाने फोन खाली ठेवला’ यासाठी त्यात रकाना नाही. तसा माणूस आमच्या हिशेबात गळतीत जातो. खोलीत कुणी दुष्ट बसलेलं नसतं. सगळे माझ्यासारखेच, घराचे हप्ते भरणारे. पण रकाना नाही म्हणून त्या माणसाबद्दल बैठकीत बोललंच जात नाही. 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, ते आलं की माणूस उठतो. त्याने ते शेवटचं पानच काढून टाकलं. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, पण तोवर ते जगभर झालं होतं.

याच्या उलटही करता येतं, आणि ते झालेलं आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षेवर जगणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून गावकऱ्यांनी ठेचून मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज देशभर फिरत होते आणि ठिकठिकाणी माणसं मारली जात होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये पुष्कळदा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. त्यानंतर असे मेसेज पाठवण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच जाहीर केलं. मजकूर कंपनीला वाचता येत नाही, तो कुलूपबंदच जातो. मेसेजसोबत फक्त एक मोजणी प्रवास करते. ती पाचवर गेली की दोन बाण दिसतात.

दुसरं उदाहरण ट्विटरचं, तेव्हा त्याचं नाव तेच होतं. 2020 मध्ये त्यांनी एक छोटी चौकट आणली. बातमी न उघडताच पुढे पाठवायला गेलात तर ती विचारायची, आधी वाचायची आहे का? बस, एवढंच. ती चौकट पाहिलेल्यांनी लेख उघडण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढलं, असं ट्विटरने सांगितलं. कुणाला उपदेश केला नाही, कुणाला अडवलं नाही. निरोप हातात पडणं आणि तो हातातून सुटणं यांच्यामध्ये दोन सेकंद घातले.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. हदीस सांगण्याची जुनी रीत आठवा. हदीसचे दोन भाग असतात, सनद आणि मतन. मतन म्हणजे मजकूर. सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला, त्याने कुणाकडून, अशी थेट वरपर्यंतची साखळी. या साखळीतल्या माणसांचा अभ्यास करणारं एक शास्त्रच उभं राहिलं, अस्मा-उर-रिजाल. हा माणूस कधी जन्मला, कुठे राहिला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटू तरी शकला असता का, हे सगळं तपासलं जायचं. इमाम बुखारी नवव्या शतकातले. हदीस गोळा करण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं प्रवास केला. (हदीसच्या विश्वसनीयतेवर आपल्या मंडळींमध्ये वेगवेगळी मतं आहेत, ठाऊक आहे. तो वाद चहाच्या वेळी. मी पद्धतीबद्दल बोलतेय.) आणि सूरह हुजुरातमध्ये तर बातमी आली की शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल, अशा अर्थाची स्पष्ट ताकीदच आहे.

आता आपल्या खालाजान फॅमिली ग्रुपवर पाठवतात तो मेसेज बघा. ‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्हड’. म्हणजे मी काही बघितलेलं नाही, मला आलं तसं पुढे ढकललं. आणि त्याखाली मेसेज म्हणे अमुक मोठ्या आलिमांचा. हजार वर्षं सनद सांभाळणारा समाज आपला, आणि फॉरवर्डचं बटण नेमकी सनदच कापून टाकतं! किती वेळा फिरला ते बाणांवरून कळतं, कुणाकुणाच्या हातून आला ते कळत नाही. इंजिनिअर म्हणून सांगते, हा बिघड नाही, ते ठरवून तसं केलेलं आहे, आणि खासगीपणा जपण्याच्या दृष्टीने त्याला कारणही आहे. पण मग साखळी तपासायचं काम वाचणाऱ्यावर येऊन पडतं, आणि त्याच्याजवळ नेमका त्याच कामासाठी वेळ नसतो.

आपल्यासाठी हा प्रश्न कुतूहलाचा नाही. 2 जून 2014 ला पुण्यात हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. तो माझ्याच क्षेत्रातला होता, आयटीत नोकरी करायचा. फेसबुकवर कुणीतरी टाकलेल्या चित्रांवरून शहर पेटलं होतं. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढाच त्याचा पुरावा. जानेवारी 2023 मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं. जळालेलं दुकान तसं पुसलं जात नाही.

आता कुणी म्हणेल, मग फोन बंद ठेवा ना. हा सल्ला देणाऱ्याचं घर मला बघायचंय. शहरात तणाव असतो तेव्हा आई दर दहा मिनिटांनी बघते, पोरगं ऑफिसमधून निघालं का, कुठपर्यंत आलं. त्या आईला ‘डिजिटल उपवास’ करा म्हणणं मला क्रूरपणा वाटतो. आणि सरकारने बटण दाबून इंटरनेट बंद करणं हाही उपवास नव्हे, ती उपासमार. बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सांगितलं, ते यासाठीच.

आमच्या घरी आम्ही काढलेली वाट साधी आहे. मगरिबपासून ईशापर्यंत डेटा बंद, घंटी चालू. डेटा बंद केला तरी फोन लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ज्याला खरोखर काम आहे तो फोन करतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे फोन आले, तबियत ठीक आहे ना? आता नाही येत. आणि गंमत म्हणजे मगरिबच्या आधी आलेले बरेचसे ‘तातडीचे’ मेसेज ईशानंतर उघडावेत तर पाठवणाऱ्यानेच डिलीट केलेले असतात. शहानिशा कुणीतरी केलेली असते, मला फक्त थांबायचं होतं. तसं थांबण्याची रीत आपल्याकडे होतीच. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत लोक एतिकाफला बसतात, सगळ्यातून बाजूला होऊन. हल्ली मशिदीत चार्जिंगचे पॉईंट कमी पडतात, असं अब्बा सांगतात!

त्या दीड तासात मी वाचते. सध्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ पुन्हा वाचतेय. कादंबरी 1965 ची. कोकणातलं गाव, तिथले मुसलमान, तिथले हिंदू, त्यांच्यातली नाती आणि साचत जाणारा ताण. सुरुवातीला माझी बोटं आपोआप पानावरून खाली सरकायची, पुढचं लवकर दिसावं म्हणून. कागदावर ते होत नाही. चांगलाच माणूस चांगल्याच शेजाऱ्याबद्दल हळूहळू कसा वेगळा विचार करायला लागतो, हे समजायला तितकीच पानं लागतात. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत मावते ती फक्त आग. ती कुठून कुठून गोळा होत गेली, ते मावत नाही. दलवाईंवर आपल्यातल्या कितीतरी लोकांचा राग आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्यांचं एक पानही वाचलेलं नाही. कुठल्यातरी दोन ओळी फिरत आल्या, त्यावर मत तयार. त्यांच्याशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला, मलाही काही ठिकाणी घालायचा आहे. पण वाचून.

तर माझा प्रस्ताव असा. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास जमायचं. एकच मजकूर, छापलेला, तिथेच बसून प्रत्येकाने स्वतः वाचायचा आणि मगच बोलायचं. जे वाक्य खटकेल त्याचं पान सांगायचं, ‘कुठंतरी असं म्हटलंय’ चालणार नाही. फोन दाराजवळच्या टोपलीत, घंटी चालू ठेवून. कुणाचा वाजला तर उठून जाऊन घ्यायचा, त्यात लाजायचं कारण नाही. सुरुवात ‘इंधन’च्या पहिल्या प्रकरणाने करू. माझ्याकडे दोन प्रती आहेत, आणखी कुणाकडे असतील तर आत्ताच हात वर करा. आणि खालाजाननाही घेऊन या. टोपली मी आणते.