गिलावा का फुटतो?

घराची भिंत विटांची वा दगडांची असते. परंतु जगाच्या दृष्टीस पडतो तो गिलावा. ऊन, पाऊस आणि वारा यांचा पहिला मारा तोच सोसतो. असे असूनही बांधकामात त्याला अखेरचे स्थान आणि सर्वांत थोडा वेळ मिळतो. मग दोन-चार पावसाळ्यांतच भिंतीवर बारीक भेगांचे जाळे उमटते, ठोकून पाहिल्यास बद्द आवाज येतो, आणि एके दिवशी हातभर लांबीचा पोपडा सुटून खाली येतो. चौथ्या मजल्यावरून पडणारा पोपडा ही केवळ शोभेची हानी नव्हे. खालून जाणाऱ्याच्या जिवाशी तिची गाठ असते. दोष मात्र एका वाक्यात वाटून दिला जातो : गवंड्याने सिमेंट कमी घातले. हा समज कितपत खरा आहे, हे बंगळूर शहरातील भिंती चांगले सांगू शकतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुराच्या हवेची कीर्ती सौम्य म्हणून आहे. पण माणसाला सौम्य वाटणारी हवा भिंतीला तशी वाटतेच असे नाही. येथे मे महिन्यात वळीव पडतो, मग नैर्ऋत्येचा पाऊस येतो, आणि तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा सुरू होतो. सरीमागून ऊन आणि उन्हामागून सर, अशी भिंत पुन्हा पुन्हा भिजते आणि पुन्हा पुन्हा तापते. सिमेंटचा गिलावा एका अंशाच्या उष्णतेने आपल्या लांबीच्या साधारण एक लक्षांशाने वाढतो. ही वाढ क्षुल्लक वाटेल. परंतु 10 मीटर लांबीची भिंत 20 अंशांनी तापली, तर हिशेब 2 मिलिमीटरांवर जातो. पाठीमागची वीट त्याहून कमी वाढते. अशा रीतीने दोघांची ओढाताण रोज चालते, आणि तिचा सारा ताण त्यांना जोडणाऱ्या सांध्यावर येतो.

यात भर पडते ती आकसण्याची. ओला गिलावा वाळताना आकसतो. मालात सिमेंट आणि पाणी जितके अधिक, तितके आकसणेही अधिक. एका भागास तीन भाग वाळू घातलेला गिलावा सहा भाग वाळूच्या गिलाव्यापेक्षा कठीण होतो, हे खरे; पण तो ताठ असल्यामुळे वाकत नाही, तडकतो. बंगळूरच्या आसपास हातसाच्यात पाडलेली वीट मऊ असते. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या विटांचा अभ्यास करून दाखवून दिले, की नेहमीचा सिमेंटचा माल पुष्कळदा विटेहून अधिक ताठ असतो, आणि अशा भिंतीचे बळ वाढवायचे तर मालाच्या कठीणपणापेक्षा विटेशी त्याची पकड महत्त्वाची ठरते. तो अभ्यास भिंतीच्या बांधणीचा होता. परंतु त्यातील बोध गिलाव्यासही लागू पडतो. मऊ विटेवर कठीण कवच चढवले, की ते आकसताना विटेचा वरचा थर ओरबाडून घेते. सुटलेल्या पोपड्याच्या पाठीवर विटेची लाल भुकटी दिसते, ती याचीच साक्ष होय.

सिमेंट सर्रास मिळू लागण्यापूर्वी काम चुन्यात होई. 1868 साली पुरी झालेली अठरा कचेरी त्याच काळातली. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, आणि भिंत हलली तर तिच्याबरोबर थोडा हलतो. बारीक भेग पडलीच, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तीत पुन्हा साकळतो आणि ती बुजते. परंतु त्याला महिन्यांची सवड लागते, आणि ती आज कोणी देत नाही. यावर मधला मार्ग आहे : एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू. त्यात वेगही राहतो आणि लवचीकपणाही.

वाळूचा प्रश्नही निराळा नाही. नदीतील उपशावर निर्बंध आल्यापासून बंगळुरात खडी भरडून केलेली वाळू रूढ झाली आहे. ती नीट धुतलेली असेल तर उत्तम. पण तीत दगडाची पूड अधिक असली, की पाणी अधिक लागते आणि भेगाही वाढतात. कित्येक ठिकाणी गुळगुळीतपणासाठी ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून घोटतात. त्याने वर एक पातळ, ताठ साय धरते आणि तीच प्रथम तडकते. भिंत आधी न भिजवणे, विटांच्या दर्जा न उकरणे, निदान आठवडाभर पाणी न मारणे, ही तर नित्याची चुकारपणाची कामे.

भेगांचे रूपही वाचता आले पाहिजे. जाळ्यासारखी भेग आकसण्याची. तुळईखालून सरळ आडवी गेलेली भेग काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्याची. तेथे गिलाव्याखाली तारेची जाळी हवी होती. विटांच्या थरांवरून पायऱ्यांसारखी तिरपी चढणारी भेग मात्र पायाची. बंगळुरात धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक आणि संपंगी तलावाच्या जागी क्रीडागार उभे राहिले. अशा बुजवलेल्या जमिनीवर पाया पुरेसा खोल नसेल, तर घर असमान खचते. तेथे गिलावा बदलणे म्हणजे रोग्याला नवा सदरा घालणे होय.

दुरुस्तीचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम पाणी कोठून शिरते ते शोधावे. कठड्याचा माथा, छज्जाची कड आणि खिडकीची चौकट ही त्याची मुख्य दारे. मग ठोकून पोकळ भाग विटेपर्यंत काढावा, आणि भिंतीहून किंचित मऊ असा माल दोन थरांत लावावा. भिंत वाळण्यापूर्वी वाफ कोंडणारा रंग देऊ नये. नाही तर आत अडकलेली ओल तो फुगवून बाहेर पडते.

गिलावा हा चिलखत नव्हे, वस्त्र आहे. अंगाच्या हालचालीला न जुमानणारे वस्त्र फाटते. म्हणून गवंड्याने आणखी सिमेंट मागितले नाही म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी, त्याने मागितलेले आठ दिवस आपण त्याला दिले होते काय, हे घरमालकाने स्वतःस विचारावे.