खुंट नवा, डोळा जुना



वसंत व्याख्यानमालेचा प्रघात पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून वेदान्तापासून शेतसाऱ्यापर्यंत पुष्कळ विषय बोलले गेले. त्या पंक्तीत ‘व्हिडिओ गेम’ हा विषय बसेल काय, अशी शंका चिटणिसांनी आम्हांस बोलून दाखविली होती. आम्ही म्हटले, ज्या विषयावरून परीक्षेच्या दिवसांत घरोघरी जेवणाची ताटे थंड होतात, त्याची चर्चा चारचौघांत एकदा व्हायला हरकत नाही. आम्ही या शास्त्रातले पंडित नव्हे. साधे खेळाडू आहोत. तेही मैदानावरचे नव्हे, खाटेवरचे. तेव्हा आज आपणांस सिद्धान्त मिळणार नाहीत, हातासरशी सुचलेली मते मिळतील.

गेल्या काही महिन्यांत आम्ही जे खेळ खेळलो, ते बहुतेक जुन्याच खेळांचे नवे अवतार होते. कंपन्या त्यांना ‘रीमेक’ म्हणतात. आमच्या नरखेड तालुक्यात ही गोष्ट समजावून द्यायला इंग्रजी शब्दाची गरज नाही. संत्र्याचे कलम कसे होते ते इथे लहान पोरालाही ठाऊक असते. खुंट जंबेरीचा घ्यायचा आणि त्यावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरायचा. जोम खुंटाचा, फळ डोळ्याचे. नव्या यंत्राच्या खुंटावर जुन्या खेळाचा डोळा बसविणे, हाच रीमेक. आणि बागाईतदार विचारतो तोच प्रश्न आम्हीही विचारतो: डोळा लागला, की नुसता खुंटच फुटला?

डोळा कशाला म्हणायचे हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे एक यंत्र असे आणि त्यात कॅसेट खोचायची. ती चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, शास्त्र एवढेच. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे त्यातले मुख्य दैवत. खेळ मध्येच राखून ठेवण्याची सोय त्यांत नव्हती. शेवटच्या शत्रूपाशी पोहोचावे आणि लाइन जावी, हे इतक्या वेळा झाले आहे, की गेलेल्या राज्याचा शोक न करता पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करणे आम्ही तिथेच शिकलो.

पुढे संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ भेटला. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो 1989 साली एकट्याच्या बळावर उभा केला. राजपुत्राची चाल माणसासारखी दिसावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. राजकन्येला सोडवायला अवघी साठ मिनिटे. त्या राजपुत्राचा पाय कठड्यावरून निसटला, की आमच्या पोटात गोळा येई. डोळा म्हणतात तो हा.

आता नव्या अवतारांकडे वळू. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ हा 2005 चा खेळ 2023 साली नव्याने आला. जुन्यात बंदूक रोखली, की नायकाचे पाय जमिनीला खिळत. गावकरी कुऱ्हाडी घेऊन अंगावर येत आणि आपण हलू शकत नसू. नव्यात चालता चालता नेम धरता येतो. आम्ही प्रथम कुरकुर केली, कारण पाय बांधलेल्या माणसाचे भय निराळेच असते. पण कर्त्यांनी शत्रूंनाही तितकेच चपळ केले आहे. भय राहिले, फक्त त्याने जागा बदलली. हे कलम लागले, असे आमचे मत.

‘फायनल फँटसी 7’ या 1997 च्या खेळाची कथा वेगळी. त्याचे नवे रूप तुकड्यातुकड्यांनी येत आहे. पहिला भाग 2020 साली आला, दुसरा 2024 साली. जुन्यात आरंभीचे जे शहर काही तासांत मागे पडे, त्याच शहरात पहिला सबंध भाग संपतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आग्रह करकरून पानावर लाडू टाकावा, तसे त्यात पुष्कळ आहे. पण एक कल्पना आम्हांस फार आवडली. कथा जुन्या वाटेवरून ढळू लागली, की काही भुतासारख्या आकृती येऊन तिला परत वाटेवर लोटतात. म्हणजे आमच्यासारखे ‘पूर्वी असे नव्हते’ म्हणणारे लोक कर्त्यांनी थेट खेळातच घालून ठेवले आहेत!

तिसरा ‘सायलेंट हिल 2’. मूळ 2001 चा. नवा 2024 चा, पोलंडच्या एका मंडळीने केलेला. या मालिकेच्या पहिल्या खेळात, 1999 साली, सगळीकडे धुके होते, कारण त्या वेळच्या यंत्राला दूरवरचे गाव दाखविणे झेपत नव्हते. उणीव झाकायला आणलेले धुके पुढे त्या मालिकेचा आत्मा झाले. आजच्या यंत्राला काहीच अवघड नाही, तरी नव्या कर्त्यांनी ते ठेवले. आमचा भाचा शेजारी बसून म्हणाला, “मामाजी, काहून खेळता हे? दिसत तं काहीच नाही!” आम्ही म्हटले, “बाबू, दिसत नाही म्हणूनच खेळतो.” त्याने आमच्याकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप स्वतःच खेळायला बसला.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. 2015 साली सुबोध भाव्यांनी त्याचा चित्रपट केला. काही पदे जुनी राखली, काही नवी घातली. वडील मंडळींनी ओठ आवळले. पोरांनी मात्र चित्रपट पाहिला आणि मग वसंतरावांच्या ध्वनिमुद्रिका शोधून ऐकल्या. चांगल्या कलमाचे पुण्य हेच, की ते मूळ झाडाची वाट दाखवते.

आता एक कबुली द्यायची आहे. राजपुत्राच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या खेळाचा नवा अवतार युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या कार्यालयांकडे सोपविला आणि 2020 साली तसे जाहीर केले. पहिली चित्रे बाहेर पडताच जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली. 2022 साली काम माँट्रियलकडे गेले आणि जानेवारी 2026 मध्ये तो खेळ रद्दच झाला. श्रोतेहो, त्या नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो. इतकी वर्षे परक्यांचे खेळ कौतुकाने खेळलो. आणि आपल्या माणसांच्या हाती एवढे नामांकित झाड आले, तेव्हा पहिले हसू आमचेच. शेजाऱ्याचे कलम जळाले तर जाणता बागाईतदार हसत नाही. तो विचारतो, पाणी किती दिले, डोळा कुठला घेतला. कारण उद्या त्यालाही बाग लावायची असते. त्याच 2020 साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ काढला; भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा. ते कलम नव्हे, बीपासून वाढवलेले रोप. ते आम्ही उशिरा खेळलो, याची लाज वाटते.

शेवटी थोडे घरचे. 30 जुलै 1991 च्या वर्धेच्या पुरात आपल्या तालुक्यातील मोवाडचे काय झाले, हे इथे सांगावे लागत नाही. पुढे गावाचे पुनर्वसन झाले. तिथल्या एका म्हातारबांशी बोलताना ते म्हणाले, “नवीन गाव चांगलं आहे जी, रस्ते सरळ आहेत. पण नातवाला जुना बोळ दाखवाले नेऊ कुठं?” खेळाची आणि गावाची तुलना करण्याइतके आम्ही उथळ नाही. पण त्या प्रश्नाने आम्हांस एक धडा दिला. गाव परत आणता येत नाही. खेळ, नाटक, पुस्तक हे मात्र जपले तर राहते. म्हणून नवा अवतार जरूर खेळा, पण माळ्यावरची जुनी कॅसेट भंगारात देऊ नका. एखाद्या रविवारी ती पोरांसमोर लावा, फुंकर मारून.

पहिल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजपुत्र आरशातून उडी मारतो, तेव्हा त्याची सावली सुटी होते आणि पुढे त्याच्याच वाटेत तलवार घेऊन उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तरुणपणी आम्ही कितीतरी वेळा तिच्याशी लढून मेलो. उपाय एवढाच होता, की तलवार म्यान करायची आणि सरळ पुढे चालत जायचे. मग दोघे एक होतात. घरी गेल्यावर पोराच्या हातात खेळ दिसला, तर आजच्या दिवस तलवार म्यान करून त्याच्या शेजारी बसून पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.