माणुसकी हा शब्द



मागच्या बैठकीत आपण 'माणूस' हा शब्द गिरवला. आज त्याला 'की' जोडू. झाला शब्द माणुसकी. लिहिताना जपा. 'माणूस'मधला णू दीर्घ, पण 'की' आली की तो ऱ्हस्व होतो.

हा शब्द जुना आहे. संस्कृतात मानुष, प्राकृत बोलींत माणुस, आपल्या तोंडी माणूस. नदीतला गोटा जसा घासून गुळगुळीत होतो, तसेच हे. 'मन' हा शब्दही याच घरातला, असे जाणते सांगतात.

आता 'की' बघा. ती तर आपल्या ओळखीची. पाटलाची पाटीलकी. पाटील सारा वसूल करी, गावाचा बंदोबस्त राखी; त्याबद्दल त्याला मान मिळे. काम आणि हक्क मिळून पाटीलकी होई. ती बापाकडून लेकाकडे जाई. वतनी मुलकी पाटीलकी बंद करणारा कायदा महाराष्ट्रात १९६२ साली झाला. माणुसकी मात्र कोणा एका घराचे वतन कधीच नव्हती.

(भाऊबंदकीचे काय झाले, ते तुम्हांला ठाऊकच आहे. मुळात ते नाते. आता नाव काढले की बांधावरचे भांडण आठवते!)

माणुसकीतले काम आपल्याला पाठ आहे. वाटसरूला पाणी द्यावे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. पण तिच्यातला हक्क आपण विसरतो. म्हणून महाडची हकीकत सांगतो.

महाडला चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर गुरे पाणी पीत, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला ते शिवता येत नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या दिवशी त्यांतल्या पुष्कळांना मार खावा लागला. पुढे तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी केली गेली! मग खटला चालला. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. तळे सर्वांचे ठरले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावातल्या विहिरींची, नळांची नावे पाटीवर लिहून आणा. नावापुढे, तेथे कोण पाणी भरतो आणि कोण भरत नाही, तेही लिहा. आम्हीही आमच्या आळीचे लिहून आणतो.