बोगदा आधी कागदावर खणावा लागतो



११ जानेवारी २०२१ रोजी मुंबईच्या प्रियदर्शिनी पार्क येथून 'मावळा' नावाचे एक अजस्र यंत्र भूगर्भात शिरले. १२.१९ मीटर व्यासाचे ते पाते मलबार हिलच्या पोटातील खडक कातरत पुढे सरकत राहिले आणि बरोबर एका वर्षाने, १० जानेवारी २०२२ रोजी, गिरगाव चौपाटीच्या बाजूला बाहेर पडले. २.०७ किलोमीटरचा पहिला बोगदा पूर्ण झाला. दुसरा ३० मे २०२३ रोजी पूर्ण झाला, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई किनारी रस्त्याचा पहिला भाग वाहतुकीस खुला झाला.

दोन किलोमीटरचा खडक एका वर्षात फुटला. मात्र यंत्राला त्या खडकापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ दशक लागले. सागरी सेतूंच्या मालिकेऐवजी किनारी रस्ता बांधावा किंवा कसे, याचा विचार करण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या संयुक्त तांत्रिक समितीने आपला अहवाल डिसेंबर २०११ मध्येच सादर केला होता. मग मधल्या काळात काय घडले?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक वर्ग म्हणतो, पर्यावरणाच्या नावाने चालणाऱ्या आक्षेपांनी विकासाचा रथ अडविला. दुसरा वर्ग म्हणतो, शासनाला कुणाचे ऐकायचेच नव्हते. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. वस्तुत: या साऱ्या इतिहासातून एकच धडा मिळतो. जो प्रश्न आराखड्याच्या वेळी विचारला जातो, त्याचे उत्तर स्वस्तात मिळते. तोच प्रश्न काम सुरू झाल्यावर उभा राहिला, तर त्याची किंमत साऱ्या नगराला मोजावी लागते.

बोगदा म्हणजे केवळ भुयार नव्हे

नगराखालून जाणारा रस्ता-बोगदा आखताना प्रथम ठरवावी लागते ती त्याची रेषा आणि त्याची दोन मुखे. मधला भाग जमिनीखाली खोल असतो. मलबार हिलखाली हा बोगदा सुमारे ७० मीटर खोलीवरून जातो. वर राहणाऱ्यांना त्याची चाहूलही लागत नाही. परंतु मुखे जमिनीवर येतात. यंत्र उतरविण्याचा प्रचंड खड्डा, खोदलेला दगड वाहून नेणारे डंपर, जोडरस्ते, विस्थापित होणारी घरे आणि तोडली जाणारी झाडे हे सारे मुखापाशीच असते. म्हणून बोगद्याखाली कुणाचे घर नाही, हे विधान खरे असूनही अर्धेच असते.

दुसरा विषय खडकाचा. मलबार हिलखाली अखंड काळा पाषाण नाही; बेसाल्टबरोबर ब्रेचिया आणि शेल हे खडकप्रकारही तेथे आढळतात. ठरावीक अंतरावर भोके पाडून खडकाचे नमुने काढावे लागतात, कारण त्यांवरूनच यंत्राची रचना ठरते. तिसरा विषय हवेचा आणि आगीचा. बंदिस्त भुयारात एखादे वाहन पेटले, तर धूर कोठे जाणार आणि माणसे कोठून बाहेर पडणार? त्यासाठीच दोन बोगद्यांना जोडणारे आडमार्ग ठेवावे लागतात. मुंबईच्या या बोगद्यात धूर एका दिशेने ढकलणारी 'सकार्डो' पद्धतीची वायुवीजन व्यवस्था बसविण्यात आली आहे. या सर्वांचा विचार सविस्तर प्रकल्प अहवालात व्हावा लागतो. तो अहवाल घाईने तयार झाला, तर पुढची प्रत्येक परवानगी डळमळीत पायावर उभी राहते.

परवानग्यांची शिडी

अहवालानंतर परवानग्यांची शिडी सुरू होते. रस्ता नगराच्या विकास आराखड्यात नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे आराखड्यात फेरबदल करावा लागतो आणि त्यासाठी नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. किनाऱ्यालगतच्या कामास महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण, वारसा परिसरासाठी वारसा संवर्धन समिती, वनजमिनीसाठी केंद्राची दोन टप्प्यांतील मान्यता आणि राष्ट्रीय उद्यानासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती, अशा या पायऱ्या आहेत.

किनारी रस्त्यासमोर पहिलीच पायरी उंच होती. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत रस्त्यासाठी समुद्रात भराव घालण्यास वाव नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने अपवादात्मक परिस्थितीसाठी त्यात सुधारणा केली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये काम सुरू झाले. सर्व कागद पूर्ण झाले, असेच तेव्हा वाटले.

मात्र १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही किनारा नियमन मंजुरी रद्द केली. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांची सहकारी संस्था आणि पर्यावरणविषयक काम करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या होत्या. निर्णयप्रक्रियेत गंभीर त्रुटी आहेत, २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखालील मंजुरी आवश्यक होती आणि वन्यजीव कायद्याखालीही परवानगी घ्यावयास हवी होती, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती देऊन रस्त्यापुरते काम करू दिले. तोपर्यंत पाच महिने काम थांबले होते.

हा वाद एका शब्दाच्या अर्थावरून झाला, असे म्हटले तरी चालेल. २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग आहेत, राज्य महामार्ग आहेत. नगरांतर्गत रस्त्यांचा निर्देश मात्र नाही. मग समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव घालणारा, टेकडीखालून जाणारा आणि हजारो कोटी रुपये खर्चाचा रस्ता केवळ 'रस्ता' म्हणून सोडून द्यावयाचा काय? कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर एक उत्तर येते, आशयाकडे पाहिले तर दुसरे. हा प्रश्न २०१२ मध्ये स्वत:हून विचारला गेला असता, तर मूल्यांकनाला लागणारा काळ अहवालाच्याच काळात सामावला असता. तो २०१९ मध्ये न्यायालयात विचारला गेला, तेव्हा समुद्रात भराव पडलेला होता आणि यंत्रसामग्री उभी होती.

नाखव्याने मागितलेले अंतर

याहून बोलका प्रसंग वरळीचा आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जेथे जोडावयाचा होता, तेथील पुलाच्या दोन खांबांतील अंतर ६० मीटर ठेवण्यात आले होते. वरळी कोळीवाड्यातील नाखवे सांगत होते की, भरती-ओहोटीच्या ओढीत आणि वाऱ्याच्या दिवसांत एवढ्या अंतरातून होड्या सुरक्षित जाणार नाहीत. त्यांची मागणी बऱ्याच मोठ्या अंतराची होती. हा वाद दीर्घ काळ चालला. कोळी बांधवांनी समुद्रात होड्या आणून काम रोखले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. आराखडा बदलला, खर्च वाढला आणि वेळही गेला.

पिढ्यान् पिढ्या तो किनारा वापरणाऱ्या माणसाचे ज्ञान हेही ज्ञानच असते. ते अभियंत्याच्या गणितास पर्याय ठरत नाही, पण गणितात कोणती संख्या घालावयाची, हे त्याच्याकडूनच कळते. खांबाचा पाया घालण्यापूर्वी त्याला नकाशासमोर बसविले असते, तर संघर्ष टळला असता. आणि त्यासाठी नकाशा व अहवाल त्याच्या भाषेत हवेत. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल कार्यालयात पाहण्यास ठेवला, म्हणजे जनतेस माहिती दिली, असे समजणे ही आत्मवंचना होय.

भूगर्भ कुणाचे ऐकत नाही

लोकांना विचारले म्हणजे सारे संपले, असेही नाही. अमेरिकेतील सिएटल नगराचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २००१ च्या भूकंपात तेथील समुद्रालगतचा उन्नत मार्ग दुखावला. त्याऐवजी बोगदा करावा, या विषयावर अनेक वर्षे चर्चा झाली आणि ऑगस्ट २०११ मध्ये नागरिकांनी मतदानाने बोगद्याच्या बाजूने कौल दिला. २०१३ मध्ये १७ मीटरहून अधिक व्यासाचे यंत्र कामास लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबले. थांबण्यापूर्वी त्याला जमिनीत एक पोलादी नळी लागली होती. ती होती २००२ मध्ये भूजलाच्या चाचणीसाठी शासकीय यंत्रणेनेच घेतलेल्या विहिरीची. काम पुन्हा सुरू होण्यास दोन वर्षे लागली. नळीमुळे यंत्र बिघडले, असे कंत्राटदारांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये ज्यूरीने ते मान्य केले नाही आणि राज्याच्या बाजूने निर्णय दिला. बोगदा फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाला.

यावरून एक गोष्ट कळते. जमिनीखाली काय आहे याची नोंद आणि अनपेक्षित काही निघाल्यास खर्च कुणाचा याचा करार, या दोन्ही गोष्टी यंत्र उतरण्यापूर्वी निर्विवाद असल्या पाहिजेत. जुन्या जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, इमारतींचे पाये, बुजविलेल्या विहिरी यांचे विश्वसनीय नकाशे आपल्या किती नगरांकडे आहेत?

पुढची परीक्षा

हा प्रश्न भूतकाळाचा नाही. १३ जुलै २०२४ रोजी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरील बोगद्यांचे भूमिपूजन झाले. पहिल्या प्रकल्पातील बोगदे १०.२५ किलोमीटरचे, दुसऱ्यातील ४.७ किलोमीटरचे. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे आहेत. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा तिसरा भूमिगत मार्ग दक्षिण मुंबईच्या जुन्या वस्तीखालून जातो. त्याचे यंत्र डिसेंबर २०२५ मध्ये सुरू करण्यात आले.

राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव तेथेच आहेत. घोडबंदरचा वळसा वाचावा, ही ठाणे-बोरिवलीच्या लाखो नोकरदारांची इच्छा रास्त आहे. त्या रस्त्यावर रोज दोन-दोन तास घालविणाऱ्या माणसाला पर्यावरणाची प्रवचने ऐकविणे हा न्याय नव्हे. परंतु बोगद्यात झिरपणारे पाणी कोठून येते, त्याचा झऱ्यांवर परिणाम होतो काय, याची मोजणी वर्षानुवर्षे चालू ठेवणे आणि ती जनतेसमोर मांडणे यात त्या नोकरदाराचेही हित आहे, कारण त्याच्या नळालाही पाणी हवे आहे.

विकास आणि रक्षण यांचा हा मेळ आपल्याला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याचा विचार आहे. स्वराज्याला आरमाराची निकड होती. तरीही रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी तेथे ताकीद आहे. राज्याची गरज खरी आहे म्हणून रयतेची संमती गौण ठरत नाही, हे तीनशे वर्षांपूर्वी जाणणारी ही भूमी आहे. बोगदा खणणाऱ्या यंत्राला 'मावळा' हे नाव देणे उचितच. त्या नावामागील राज्यपद्धतीही मग स्मरणात ठेवावयास हवी.

समाजाचे दायित्व

शेवटी प्रश्न येतो तो समाजाचा. हरकती-सूचनांची जाहिरात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते, महिना उलटतो आणि मोजकी पत्रे जातात. मग पाच वर्षांनी दारासमोर पत्रे ठोकले गेले की, तीच वस्ती रस्त्यावर उतरते. ही सवय बदलण्यास कायदा लागत नाही. प्रत्येक वस्तीत चार जाणती माणसे पुरतात: एक निवृत्त अभियंता, एक वकील, एक शिक्षक आणि त्या जागेवर पोट असणारा एक जण. त्यांनी ती जाहिरात वाचावी, आराखडा मागून घ्यावा आणि लेखी उत्तर मागावे.

विचारावयाचे प्रश्नही मोजकेच आहेत. मुख कोठे उघडणार आणि तेथील कुटुंबे कोठे जाणार? खडकाची परीक्षा किती ठिकाणी झाली? खोदलेला दगड कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी जाणार? आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट कोठे? या मार्गावर सार्वजनिक बस चालणार काय? मुंबईच्या किनारी रस्त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. तेव्हा ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या वाट्याला काय आले, हे बसच्या संख्येवरूनच ठरते. आणि शेवटचा प्रश्न देखभालीचा. मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्याच्या सांध्यांत मे महिन्यातच ओल दिसली व दुरुस्ती करावी लागली. शंभर वर्षे टिकावयाच्या वास्तूची शंभर वर्षे निगा कोण राखणार, हे भूमिपूजनापूर्वीच विचारले पाहिजे.

हे प्रश्न विचारणारा माणूस विकासाचा वैरी ठरत नाही. न्यायालयात गेलेले पाच महिने आणि वरळीच्या समुद्रात झालेला संघर्ष त्याच्याच प्रश्नांनी वाचला असता. हरकतींची पुढची जाहिरात जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा महिना संपण्यापूर्वी आपल्या वस्तीचे एक अभ्यासपूर्ण पत्र प्रभाग कार्यालयात पोहोचलेले असावे. त्याची पोच घेण्यास मात्र विसरू नये.